कुणाचा रे तू?

आमच्या चंदगडात कुणाची गाडी मागून आणायची असेल तर एकच दाखला लागतो आणि तो कागदावर नसतो. गाडीवाला दारात येतो, कपाळावर हात आडवा धरून आपल्याकडे बघतो आणि विचारतो, "कुणाचा रे तू?" उत्तरात बापाचं नाव सांगायचं. तेवढ्यानं भागलं नाही तर आज्याचं. फारच खोलात शिरला तर आईचं माहेर. तिथवर पोचलात की किल्ली हातात पडलीच, वर "च्या घेऊन जा" हा आग्रह. तुझ्याकडे परवाना आहे का, असं विचारणं म्हणजे पंगतीत बसलेल्या पाहुण्याला "पैसे आणलेत का?" विचारण्यासारखं आहे. विचारणाऱ्याचीच अब्रू जायची.

या पद्धतीत हयात काढल्यावर मला इंग्लंडला मुलीकडे जायचा योग आला. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही आणि आई स्कॉटलंड बघून या. एडिंबरोला गाडी भाड्यानं घ्या. तिथंही डाव्या बाजूनंच चालवतात." इथवर ठीक होतं. मग तिनं यादी पाठवली. पासपोर्ट, इथला मूळ वाहन परवाना, आंतरराष्ट्रीय परवाना, चालवणाऱ्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड, बुकिंगचा कागद, मुक्कामाचा पत्ता. यादी वाचून आमची मंडळी म्हणाली, "एवढ्या कागदांत आपलं लग्न दोनदा रजिस्टर झालं असतं."

पहिली अडचण आली ती नावाची. मराठी माणसाचं नाव हे नाव नसून वंशावळ असते. माझ्या पासपोर्टावर माझ्या नावाला वडिलांचं नाव चिकटून बसलं आहे. परवान्यावर वडील खालच्या ओळीत वेगळे राहतात. क्रेडिट कार्डावर जागेअभावी बापलेक दोघांची नुसती आद्याक्षरं उरली आहेत. त्यातून माझं नाव दत्तात्रय. इंग्रजीत ते एका कागदावर 'वाय'नं संपतं, दुसऱ्यावर 'ई'नं, आणि आधार कार्ड करणाऱ्या पोरानं मधला एक 'टी' देशासाठी वाचवला आहे. गावात या चारही दत्तात्रयांना लोक एकच माणूस समजतात. परदेशातल्या काउंटरवर मात्र चौघांची एकमेकांशी ओळख पटवून द्यावी लागते. आम्ही पासपोर्टाला कुटुंबप्रमुख मानून बाकीच्यांना त्याच्या मागे उभं केलं.

दुसरी गोष्ट आंतरराष्ट्रीय परवाना. नाव भारदस्त आहे, पण तो खरं म्हणजे नवा परवाना नव्हेच. आपल्या परवान्याचं अनेक भाषांत केलेलं ते सरकारी भाषांतर. १९४९ साली जिनिव्हात देशोदेशीच्या लोकांनी रस्ते वाहतुकीचा करार केला, त्यात त्याचा नमुना ठरला. मूळ परवाना घरी ठेवून नुसता हाच नेला, तर त्याची किंमत गेल्या वर्षीच्या लग्नपत्रिकेइतकी. मुदत एक वर्ष, फी हजार रुपये, अर्ज नमुना ४-अ. पूर्वी डॉक्टरचा दाखलाही लागायचा, तो २०२१ साली रद्द झाला. २०२२ पासून साऱ्या देशात या पुस्तिकेचा नमुना एकच झाला आणि तिच्यावर क्यूआर कोडही आला. इंग्लंडच्या कायद्याला खरं तर याची गरज नाही. पाहुण्याला तिथं बारा महिने आपल्या परवान्यावर गाडी चालवता येते. पण गाड्या देणाऱ्या कंपन्यांचं सोवळं सरकारपेक्षा कडक असू शकतं, म्हणून मुलीनं तो काढायलाच लावला. जपानला जाणाऱ्यांना तर तो हवाच, आणि तोही १९४९च्याच नमुन्याचा. दुसऱ्या कराराचा आणलात तर जपानी माणूस कमरेत वाकून नमस्कार करील आणि गाडी देणार नाही.

त्यासाठी कोल्हापूर गाठायचं. हे चंदगडच्या माणसालाच कळेल. आम्ही लग्नाचा बस्ता बेळगावात बांधतो, दाढ बेळगावात उपटतो, चश्म्याचा नंबर बेळगावात काढतो. कोल्हापूर शंभरावर किलोमीटर लांब. पण माणूस असल्याचा पुरावा हवा असला की तिकडेच तोंड करायचं. याचं कारण १ नोव्हेंबर १९५६. राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, फक्त आमचा चंदगड तालुका तेवढा वगळून. कायद्यातल्या त्या दोन-तीन शब्दांनी अख्खा तालुका कोल्हापूर जिल्ह्याच्या पदरात पडला. ताम्रपर्णी होती तिथूनच वाहत राहिली, काजू होता तिथंच पिकत राहिला, रवळनाथाला कुणी काही विचारलं नाही. "कुणाचा रे तू?" हा प्रश्न सरकारनं एकदा सबंध तालुक्याला विचारला होता आणि उत्तरही सरकारनंच देऊन टाकलं होतं. म्हणून आमच्या गाड्यांवर एमएच ०९ आणि तासाभरावरच्या आमच्याच मेहुण्याच्या गाडीवर केए २२.

कागद म्हणजे माणसावरचा अविश्वास, असं आमच्याकडचे जुने लोक म्हणतात. मलाही ते बरेच दिवस पटत होतं. पण तिलारीचा घाट उतरून खाली गोव्यात गेलात की या तत्त्वज्ञानाला चाक लागतं. तिथं भाड्यानं द्यायच्या गाडीला काळी पाटी आणि पिवळे आकडे असतात. गाडी रीतसर, परवाना रीतसर, विमाही रीतसर. पण पांढऱ्या पाटीची घरगुती गाडीसुद्धा थोड्या कमी भाड्यात गुपचूप मिळते. किल्ली देताना मालक कानात सांगतो, "पोलिसानं धरलं तर मित्राची गाडी म्हणून सांगा." झालं! पाच मिनिटांपूर्वी ज्याचं तोंड पाहिलं नव्हतं तो दिवसाच्या भाड्यावर आपला मित्र झाला. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते आणि हा मित्र तर करणारच. मैत्री हा शब्द मी इतका स्वस्त झालेला दुसरीकडे कुठं पाहिला नाही. त्यापुढं ती काळी पाटी मला फार सरळ वाटते. तुम्ही माझे कुणी नाही, हे भाडं, ही पावती, या आता.

एडिंबरोच्या काउंटरवरची पोरगी या काळ्या पाटीच्याच जातीची. हसली गोड, पण ते हसू सगळ्यांना सारखं वाटून दिलेलं. मी कोण, माझं शिक्षण काय, चंदगड कुठं आहे, यात तिला तिळमात्र रस नव्हता. मी दोनदा विषय काढून पाहिला. तिनं कागद जुळवले, कार्डावरचे काही शे पौंड अनामत म्हणून अडवून ठेवले, गाडीला ओरखडा पडला तर किती रकमेपर्यंत भुर्दंड माझा आणि त्यापुढं विम्याचा ते वाचून दाखवलं, आणि निघण्याआधी गाडीचे चारी बाजूंनी फोटो काढून ठेवा असा सल्ला दिला. करारात गाडी ब्रिटनबाहेर न्यायची असेल तर आधी परवानगी घ्या असं एक कलम होतं, आणि त्यासाठी व्हीई १०३ नावाचा वेगळा दाखला. शिनोळीच्या पुढं जरा सरकलं की कर्नाटक, अशा ठिकाणचे आम्ही! चहा प्यायला राज्य ओलांडतो आणि भजी खायला परत येतो. तरी मी गुमान सही केली.

चार दिवसांनी गाडी परत दिली. टाकी भरून घेतली होती, भरून दिली. एका माणसानं गाडीभोवती प्रदक्षिणा घातली, मान हलवली, संपलं. अडवलेले पैसे पुढं सुटले. मी तिथं उगाच घुटमळत उभा राहिलो. आपल्याकडे शेजारणीची वाटी रिकामी परत करत नाहीत, तसं काहीतरी द्यायचं राहिलं असं वाटत होतं. त्या माणसाच्या चेहऱ्यावर तसा भाव नव्हता. आणि मग हळूहळू ध्यानात आलं की मी मोकळा आहे. इथं कुणाचं काही देणं नाही. आमच्या वडिलांनी मोठ्या बहिणीच्या लग्नात एकांची जीप दोन दिवस वापरली होती. डिझेल भरून, वर काजूची पिशवी ठेवून परत केली. त्या जीपचं भाडं आम्ही पुढची वीस वर्षं सोसायटीच्या निवडणुकीत त्यांच्या पॅनेलला मतं देऊन फेडत होतो. फिटलं की नाही ते अजून कळलेलं नाही, कारण त्याची पावतीच नव्हती.

एवढ्यावर मी कागदाचा भक्त होऊन परतलो असतो. पण गाडी घेतली त्या दिवशी शेजारच्या खिडकीवर आपल्याकडचाच वाटणारा एक पोरगा उभा होता. शिकायला आलेला असावा. पासपोर्ट होता, परवाना होता, खात्यात पैसेही होते. पण हातात डेबिट कार्ड, आणि त्या कंपनीला क्रेडिट कार्डच हवं होतं. तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, "पैसे आहेत माझ्याकडे." खिडकीतली बाई पुन्हा पुन्हा म्हणत होती, "हो, पण कार्ड चालणार नाही." दोघंही खरं बोलत होते. माझ्या जिभेवर अगदी आलं होतं, "द्या हो त्याला, आपलाच आहे तो." पण कुणाचा, ते मला माहीत नव्हतं. तो पाठीवरची पिशवी सावरत बसच्या रांगेकडे गेला.

ओळखीचं तरी काय वेगळं? एकशे आठची रुग्णवाहिका येण्यापूर्वीची, म्हणजे २०१४च्या आधीची गोष्ट. उसाचा हंगाम चालू होता. बीडकडची टोळी फडाशेजारी उतरली होती. मध्यरात्री त्यातला एक गडी आमच्या वडापवाल्या आबांच्या दारात आला. बायको अडली होती, गडहिंग्लजला न्यायची होती. आबांनी दार उघडून सवयीनं विचारलं, "कुणाचा रे तू?" त्यानं बापाचं नाव सांगितलं. त्या नावाला चंदगडात काही अर्थ नव्हता. मग तो म्हणाला, "मुकादमाचा." मुकादमाला शोधून, उठवून, त्यानं "होय, माझाच माणूस" म्हणेपर्यंत तास गेला. आबा वाईट नाहीत. एकदा ओळख पटल्यावर त्यांनी स्वतः जीप हाकली, पैसे घेतले नाहीत, सकाळी टोळीला चहाही पाजला. पोरगी सुखरूप झाली, नेसरीच्या अलीकडे, जीपमध्येच. पण तो एक तास कुणाच्या नावावर लिहायचा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्या गड्याजवळ रेशन कार्ड असतं आणि आबांनी ते बघायचं मनावर घेतलं असतं, तर पोरगी दवाखान्यात झाली असती का? कदाचित. कदाचित आबा म्हणाले असते, "कार्ड बीडचं आहे. चालणार नाही."

परत आल्यावर आबांनी माझ्याकडून एडिंबरोची सगळी हकीगत ऐकून घेतली. अनामतीचा भाग दोनदा ऐकला. मग म्हणाले, "आम्ही बी आता तसंच करतोय. परगावच्या माणसाला गाडी द्यायची तर आधार कार्डाचं झेरॉक्स घेतल्याबिगर किल्ली नाही."

"झेरॉक्स ठेवता कुठं?"

"फ्रिजवर."

"आणि बघता कधी?"

"ते कशाला बघायचं?" आबा म्हणाले. "कुणाचा, ते आधी विचारूनच घेतलेलं असतंय की."