जीर्णोद्धार आणि देवतेचा प्रश्न : गिरणगाव ते न्हावा शेवा

उजाड झालेल्या औद्योगिक वस्तीचे कलेच्या द्वारा पुनरुज्जीवन करावे, हा विचार गेल्या काही दशकांत सर्वत्र रुळला आहे. त्याकडे केवळ नगररचनेचा प्रश्न म्हणून पाहणे अपुरे ठरते. कारण ‘पुनरुज्जीवन’ या शब्दात एक नैतिक गृहीतक दडलेले आहे. ज्याला पुन्हा जिवंत करायचे ते आधी मृत असले पाहिजे. मग मृत्यूचा दाखला कोणी दिला, आणि जे पुन्हा जिवंत होते ते मूळचेच असते काय? मराठीत याहून काटेकोर संकल्पना आहे, ती जीर्णोद्धाराची. जीर्णोद्धारात भिंती पाडता येतात, शिखर नव्याने बांधता येते, देवतेलाही काही काळ हलवावे लागते. परंतु तिची पुन्हा प्रतिष्ठापना झाल्याखेरीज जीर्णोद्धार पूर्ण झाला असे कोणी म्हणत नाही. मुंबईच्या गिरणगावाला हाच निकष लावून पाहणे उद्बोधक ठरेल.

गिरणगावाचा अंत नैसर्गिक नव्हता. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला सुमारे अडीच लाख कामगारांचा संप औपचारिकरीत्या कधीच मागे घेतला गेला नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनींच्या विकासाला वाट करून दिली. मात्र एक तृतीयांश जमीन मोकळ्या जागांसाठी महापालिकेला आणि एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला द्यावी, असे तिचे सूत्र होते. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी बांधकाम नसलेल्या जमिनीपुरतीच उरली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती ग्राह्य ठरवली. या घटनाक्रमाला ‘ऱ्हास’ म्हणणे म्हणजे वाक्यातून कर्ता वगळणे होय.

शिवाय कला या वस्तीला नवी नव्हती. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांनी उभारलेले लाल बावटा कलापथक, कोकणातून आलेल्या कामगारांचे शक्ती-तुरे, भजनी मंडळे, आंबेडकरी जलसे, परळचे दामोदर नाट्यगृह, कामगारांच्या नाट्यस्पर्धा हे सारे पाळीच्या वेळापत्रकात बसवलेले सांस्कृतिक जीवन होते. नारायण सुर्वे यांच्या कवितेने ते मराठी काव्याच्या केंद्रस्थानी आणले. अशा ठिकाणी ‘कला आणू’ असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा तिथे आधी होती ती कला नव्हती, असा मूल्यनिर्णय त्यात अनुस्यूत असतो. या निर्णयाची जबाबदारी केवळ जमीनमालकांवर टाकून समीक्षेला मोकळे होता येणार नाही. कलापथकाला ‘प्रचारी’ आणि जलशाला ‘लोकरंजन’ अशी लेबले लावून ज्या वाङ्मयविचाराने त्यांना सौंदर्यविचाराच्या परिघाबाहेर ठेवले, त्यानेही ही भूमी मोकळी करून देण्यास हातभार लावला आहे.

मुंबईत संप चालू होता त्याच १९८२ साली शॅरन झुकिन यांचे ‘लॉफ्ट लिव्हिंग’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. न्यूयॉर्कच्या सोहो भागातील कारखान्यांच्या रिकाम्या मजल्यांवर चित्रकार राहू लागले. त्यांच्या वास्तव्याने जागेला प्रतिष्ठा आली, भाव चढले आणि अखेरीस चित्रकारांनाच तेथे राहणे परवडेनासे झाले, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. लोअर परळमध्ये याचे छोटे रूप दिसते. मथुरादास मिलच्या आवारात २००७ मध्ये सुरू झालेले ‘ब्लू फ्रॉग’ हे संगीतगृह दशकभरात तेथून उठले. जमिनीचा भाव वाढवणारी कला त्या जमिनीवर भाडेकरूच राहते. मागे उरते ती शोभेची चिमणी. चिन्ह जपलेले असते. चिन्हिताची हकालपट्टी झालेली असते.

यावर दोन आक्षेप संभवतात, आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला असा की, भग्न भिंती शोकासाठी राखून ठेवता येत नाहीत आणि स्वस्त जागा शोधणारा कलावंत गुन्हेगार नसतो. हे मान्य केले पाहिजे. येथे प्रश्न कलावंताच्या हेतूचा नसून त्याच्या कलेला कोणत्या व्यवहाराची मान्यता म्हणून वापरले जाते याचा आहे. दुसरा आक्षेप अधिक खोल जातो. ज्या गिरणगावाचे स्मरण करायचे ते तरी निर्दोष होते काय? धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, म्हणून विटाळाच्या कल्पनेपोटी अस्पृश्य कामगारांना अधिक वेतनाच्या विणकाम खात्यापासून दूर ठेवले जाई. १९२८-२९ च्या संपांच्या काळात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उपस्थित केला होता. म्हणजे देवतेची प्रतिष्ठापना करताना गाभाऱ्यात पूर्वी कोणाला प्रवेश नव्हता हेही सांगावे लागेल. स्मृती चिकित्सक नसेल, तर तीही सजावटच होय.

सजावट आणि साक्ष यांतील हा भेद जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ (१९९७) या नाटकाने स्पष्ट केला आहे. संपानंतरच्या एका गिरणी कामगार कुटुंबाची पडझड दाखवताना ते वस्तीला रम्य करीत नाही आणि प्रेक्षकाला सांत्वनही देत नाही. अर्थात साक्षीने कोणाला घर मिळत नाही. कलेच्या नैतिक सामर्थ्याची ही मर्यादा आहे, आणि ती विसरली की साक्षही नुकसानभरपाईच्या जागी खपवली जाते.

१२ जानेवारी २०२४ रोजी खुल्या झालेल्या सागरी सेतूने गिरणगावाचे पूर्वेकडील टोक असलेली शिवडी न्हावा शेव्याशी जोडली. या दुसऱ्या टोकाचा इतिहासही या विवेचनाशी निगडित आहे. खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये मांडली ती ‘मार्ग’ या कलाविषयक नियतकालिकात. पुढे जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढणाऱ्या शेतकऱ्यांवर जानेवारी १९८४ मध्ये गोळीबार झाला. पाच जण मृत्युमुखी पडले. १९८९ मध्ये बंदर सुरू झाले. एका टोकाला उद्योग आणण्यासाठी माणसे हलवली गेली. दुसऱ्या टोकाला उद्योग गेला म्हणून. आणि २०१६ च्या सोडतीत काही गिरणी कामगारांच्या वाट्याला घरे आली ती खाडीच्या याच बाजूला, पनवेलजवळच्या कोन येथे. देवता हलवली गेली. परत आणली गेली नाही.

उद्या न्हावा शेव्याच्या गोदामांवरही हीच पाळी येईल आणि तेथे कलादालने उघडण्याचा प्रस्ताव निघेल. त्या वेळी प्रस्तावातील कला किती उच्च आहे हे विचारण्याआधी, या जमिनीवर ज्यांनी भात आणि मीठ पिकवले, आगरी-कोळी गीते गायिली आणि नंतर कंटेनर हलवले, त्यांना तेथे राहण्याचा व स्वतःविषयी बोलण्याचा हक्क उरतो काय, हे विचारावे लागेल. हा प्रश्न सौंदर्यशास्त्राबाहेरचा मानण्याची सवय समीक्षेने सोडली पाहिजे.