पडलेल्यास हात कोणीं द्यावा?

दारू सोडण्याची शपथ घेऊन ती मोडणारा मनुष्य खोटा समजावा कीं आजारी समजावा? हा प्रश्न आपल्या मंडळ्यांपुढें वारंवार येतो, आणि आपण त्याचें उत्तर बहुधा घाईनें देतों.

नाशिक जिल्ह्यांतील एका खेड्यांतले एक बंधु माझ्या परिचयाचे आहेत. स्वभावानें सालस, परंतु मजुरी हातीं पडली कीं त्यांचे पाय हातभट्टीकडे वळत. मीं त्यांजकडून तीन वेळां सर्वांदेखत शपथ घेवविली. तीनही वेळां ती मोडली. पुढें ते उपासनेस येईनासे झाले. त्यांचें मन कठीण झालें असें मी समजलों. परंतु त्यांची कारभारीण म्हणाली, "पाळकसाहेब, त्यांना सोडायची आहे हो, पण तुम्हांला तोंड दाखवायची लाज वाटते." हें ऐकून माझी मान खालीं गेली. जी शपथ मीं आधार म्हणून दिली, ती आम्हां दोघांमध्यें भिंत होऊन बसली होती.

येथें एक खरी हकीकत सांगण्याजोगी आहे. सन 1935 च्या मे महिन्यांत बिल विल्सन नांवाचे न्यूयॉर्कचे एक गृहस्थ अमेरिकेंतील ॲक्रन शहरीं एका हॉटेलांत उभे होते. त्यांची दारू सुटून कांहीं महिनेच झाले होते. धंद्यांत नुकतेंच अपयश आलें होतें. आणि जवळच दारूचा गुत्ता होता. आपण वाचावयाचें तर दुसऱ्या एखाद्या दारुड्याशीं बोललें पाहिजे, असें त्यांस वाटलें. म्हणून त्यांनीं तेथील एका पाळकास टेलिफोन केला. त्या पाळकानें उपदेश केला नाहीं. विचारपूस करण्यासाठीं कांहीं नांवें दिलीं. त्या धाग्यानें विल्सन हे डॉ. बॉब स्मिथ या शस्त्रवैद्यांपर्यंत पोहोंचले. डॉक्टरांस उपदेश पुष्कळांनीं केला होता. पण स्वतः त्याच खड्ड्यांत पडून वर आलेला मनुष्य आतां त्यांच्यासमोर बसला होता. 10 जून 1935 हा डॉक्टरांचा दारूचा शेवटचा दिवस, आणि तोच 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस' या बंधुवर्गाचा जन्मदिवस मानला जातो. सन 1957 च्या सुमारास हें कार्य मुंबईस आलें. पुण्यास डॉ. अनिल व डॉ. सुनंदा अवचट यांनीं 1986 सालीं 'मुक्तांगण' उघडलें. तेथेंही व्यसनांतून उठलेलेच अनेकजण नव्यानें येणाऱ्यांस हात देतात.

यांतलें मर्म ध्यानांत घ्यावें. विल्सन हे दुसऱ्यास तारावयास गेले नव्हते. स्वतः वांचण्यासाठीं गेले होते. म्हणून त्यांच्या बोलण्यांत उंचावरून खालीं पाहणें नव्हतें. आम्ही पाळक व उपदेशक कितीही प्रेमानें बोललों, तरी ऐकणाऱ्यास आमची पायरी दिसते. सोबत्याची पायरी त्याच्याइतकीच असते.

कोणी म्हणेल, "व्यसनास आजार म्हटलें म्हणजे पापावर पांघरूणच घातलें!" तसें नाहीं. मधुमेह झाला हा रोग्याचा गुन्हा नव्हे. तथापि पथ्य मोडलें तर तो जबाबदार आहेच. या सभांत मनुष्य आपल्या दोषांचा हिशेब स्वतः मांडतो, आणि ज्यांचें नुकसान केलें त्यांची भरपाई करूं पाहतो. आमच्या शपथेपेक्षां हें काम कठीण आहे.

दुसरा म्हणेल, "तेथें देवाचें नांव ज्याच्या त्याच्या समजुतीवर सोडतात, आपला मनुष्य तेथें कां पाठवावा?" चांगल्या शोमरोन्यानें जखमी मनुष्यास उतारशाळेंत नेलें, तेव्हां उतारशाळेवाल्याचा पंथ विचारला नाहीं. जखम बांधली जाते कीं नाहीं, एवढेंच पाहिलें.

आतां उपदेशक बंधूंस चार व्यवहाराच्या गोष्टी. नाशिक शहरांत अशा सभा भरतात. ठिकाण व वार आधींच विचारून टिपून ठेवा. गरज पडेल त्या रात्रीं शोधूं गेल्यास धीर सुटतो. फी नसते, पुरें नांव सांगावें लागत नाहीं. दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट. खुल्या सभेस तुम्हांसही बसतां येतें, म्हणून पहिल्या खेपेस स्वतः बरोबर जा. एके ठिकाणीं मन न रमल्यास दुसरें ठिकाण पाहा. घरच्यांसाठीं 'अल-ॲनॉन' नांवाच्या निराळ्या सभा असतात. आणि हें विसरूं नका, कीं पुष्कळ वर्षें रोज पिणाऱ्यानें एकाएकीं दारू तोडल्यास झटके येऊन जीवावर बेतूं शकतें. अशास प्रथम सरकारी दवाखान्यांत डॉक्टरांकडे न्यावें.

त्या बंधूंबरोबर मी नाशिकास गेलों. सभेंत ते एक शब्दही बोलले नाहींत. परततांना बसमध्यें म्हणाले, "तो पुढें बसलेला माणूस माझीच गोष्ट सांगत होता." त्यानंतर ते एकदां पुन्हां पडले. परंतु या खेपेस लपले नाहींत; दुसऱ्याच दिवशीं आपण होऊन नाशिकच्या बसमध्यें बसले. पडणारा कोठें जातो, यावरून तो खोटा कीं आजारी हें कळतें. आणि त्यास जाण्यास जागा ठेवणें हें आपलें काम आहे.