चुकीचा सांधा

कथलाच्या मिश्रधातूत ओतलेल्या बोटभर सैनिकाचा हात सुपरग्लूने उलटा बसला, तर हवेतील ओलावा काही क्षणांत ती चूक पक्की करतो. ती सोडवावयास मात्र तासन्‌तास लागतात. संतापून हिसका दिला की मऊ धातूचे मनगट वाकते आणि सांधा तसाच राहतो. अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून ठेवल्यास चिकटा हळूहळू मऊ पडतो, धातूला इजा होत नाही. परंतु वर रंग चढला असेल, तर तोही उतरतो.

नैतिक प्रश्न येथेच उभा राहतो. चूक निस्तरताना तिच्यावर पुढे मेहनतीने जे रचले गेले, त्यावरही पाणी सोडावे लागते. या भयाने माणसे उलट्या हातावरच रंग चढवीत राहतात आणि प्रत्येक थराबरोबर कबुलीचे मोल वाढत जाते. काही जण पश्चात्तापाच्या भरात स्वतःलाच मोडून घेतात. दोहोंतही सांधा सुटत नाही.

या चिकट्याचा इतिहासही बोलका आहे. १९४२ साली अमेरिकेत बंदुकीच्या नेमसाधनांसाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधताना हॅरी कूव्हर यांच्या गटाने सायनोअ‍ॅक्रिलेट नाकारले. ते जिथे तिथे चिकटत होते. त्या दोषातला गुण १९५१ मध्ये उमगला आणि १९५८ मध्ये ते विक्रीस आले. नऊ वर्षांनी का होईना, नकार मागे घेता आला. प्रायश्चित्ताला असाच धीर लागतो: रंग गमावण्याची तयारी आणि मूळ धातू शाबूत आहे हा विश्वास.