पंगत आणि प्रकृती

खाणेपिणे हा ज्याचा त्याचा प्रश्न, असे आपण म्हणतो खरे. पण आपले आचरण या म्हणण्याला साक्ष देत नाही. लग्नाच्या पंगतीत चौथी जिलबी पानात पडते ती भुकेने मागितलेली नसते. वाढपी ‘एक तरी घ्याच’ म्हणतो, शेजारचे गृहस्थ त्याला दुजोरा देतात, यजमान हात जोडून समोर उभे असतात; आणि पानावर आडवा धरलेला हात हळूच मागे येतो. आपण उद्धट ठरू ही भीती पोटाच्या तक्रारीला गप्प बसविते. पोट आपले असेल, पण त्याचे माप पंगत ठरविते.

१९५० नंतरच्या दशकात सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेत एक साधा प्रयोग केला. समोरच्या तीन रेघांपैकी दिलेल्या रेघेएवढी कोणती, इतकेच सांगायचे. परंतु एक माणूस वगळता बाकीचे सगळे आधी पढविलेले होते आणि ठरल्या वेळी एकमुखाने चुकीचे उत्तर देत होते. अशा वेळी त्या एकट्या माणसाची सुमारे एकतृतीयांश उत्तरे चुकली. डोळ्यांसमोरच्या रेघेची ही गत, तर जिभेची आणि तलफेची काय कथा!

अमेरिकेतीलच फ्रेमिंगहॅम या गावी १९४८ पासून हृदयविकाराचा अभ्यास चालू आहे. तेथील १२,०६७ माणसांची ३२ वर्षांची माहिती तपासून ख्रिस्ताकिस आणि फाउलर यांनी २००७ मध्ये असे मांडले की, एखाद्याचा मित्र लठ्ठ झाला तर तोही लठ्ठ होण्याचा संभव ५७ टक्क्यांनी वाढतो. पुढच्याच वर्षी धूम्रपानाविषयी त्यांना असे आढळले की, माणसे सुटी सुटी नव्हे, तर गटागटाने सिगारेट सोडतात. मुळात सारख्या स्वभावाचीच माणसे एकत्र येतात, तेव्हा हा संगतीचा परिणाम किती आणि निवडीचा किती, असा आक्षेप टीकाकारांनी घेतला आणि तो रास्त आहे. तरीही संगतीला दोषमुक्त करण्याइतका तो बलवान नाही.

येथे खरा नैतिक प्रश्न उभा राहतो. सवयी जर अशा चारचौघांत घडत असतील, तर त्यांचे श्रेय कोणाचे आणि दोष कोणाचा? ज्या घरात तंबाखूची डबी कधी आलीच नाही, त्या घरातल्या मुलाने आपल्या निर्व्यसनीपणाचा अभिमान किती बाळगावा? आणि जिच्या आजीपासून जावेपर्यंत सगळ्याच सकाळी दातांना मिश्री लावतात, त्या बाईला ‘तुला मनोनिग्रह नाही’ असे सुनावण्याचा अधिकार कोणाला? निग्रहाला किंमत नाही असे मी म्हणत नाही. एकाला ज्या सवयीसाठी प्रवाहाबरोबर पोहावे लागते, तिच्यासाठीच दुसऱ्याला प्रवाहाविरुद्ध पोहावे लागते, एवढे ध्यानात ठेवून निवाडा करावा.

यावर कोणी म्हणेल, माणूस जर लोकलाजेने वागतो, तर लोकलाजेचाच चाबूक वापरा! हा उपाय वरवर सोपा दिसतो. पण क्षयाच्या आणि कुष्ठरोगाच्या बाबतीत हा चाबूक आपण पिढ्यान्‌पिढ्या वापरून पाहिला आहे. त्याने रोग हटला नाही. रोगी मात्र लपला, औषधाला उशीर झाला आणि घरातल्यांनाही बाधा झाली. लाजेने माणूस सुधारल्यासारखा दिसतो. पुष्कळदा तो केवळ दृष्टीआड झालेला असतो.

गाडगेबाबांचा मार्ग निराळा होता. १८७६ ते १९५६ या त्यांच्या आयुष्यात त्यांनी किती गावे झाडली याची गणती नाही. गावात शिरावे, कोणाला काही न म्हणता खराटा हाती घ्यावा आणि रात्री कीर्तनाला उभे राहावे. हातात खराटा घेतलेला माणूस समोर असताना कडेला उभे राहून पाहणे अवघड होते. अ‍ॅशच्या प्रयोगातही हेच दिसले: खरे उत्तर देणारा एक जरी सोबती मिळाला, तरी त्या माणसाच्या चुका चौथ्या हिश्श्यावर आल्या. बहुमत फोडायला बहुमत लागत नाही; एक माणूस पुरतो.

मग प्रकृतीसाठी पंगतच सोडावी काय? हा मार्ग तर अधिकच घातक आहे. जगभरच्या १४८ अभ्यासांचा, म्हणजे तीन लाखांहून अधिक माणसांचा एकत्र विचार २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचे आप्तस्वकीयांशी नाते घट्ट, त्यांची त्या त्या अभ्यासाच्या काळात जगण्याची शक्यता इतरांहून ५० टक्क्यांनी अधिक आढळली. ज्या पंगतीत अजीर्ण होते, तिच्यातच औषधही आहे. पथ्य सांभाळण्यासाठी माणसे तोडणारा एका हाताने आयुष्य वाढवितो आणि दुसऱ्या हाताने कमी करतो.

तेव्हा आपले कर्तव्य दुहेरी आहे. जसे इतर आपल्याला घडवितात, तसे आपणही कोणासाठी तरी ‘इतर’ असतोच. मी सहज पुढे केलेली सिगारेट किंवा नको म्हणत असता वाढलेला लाडू ही माझी खाजगी कृती उरत नाही. तिचा हिशेब दुसऱ्याच्या शरीरात मांडला जातो. यंदाच्या दिवाळीत फराळाचे ताट पुढे करताना पाहुण्याचे पहिले ‘पुरे’ खरे मानावे, आणि पाहुणे म्हणून गेल्यावर आपण ते हसतमुखाने उच्चारावे. त्याच पंगतीत मनातल्या मनात ‘पुरे’ म्हणत बसलेला आणखी कोणीतरी असेल. त्याला आपल्या एका शब्दाने धीर येईल.