पांढरी एक

कॅसिनोच्या हॉटेलात उतरलं की सकाळी फिरायला बाहेर पडण्याची वाटही जुगाराच्या दालनातूनच जाते. नकाशाच तसा काढलेला असतो. आम्ही लिफ्टमधून खाली आलो तेव्हा सहा वाजले असावेत. ‘असावेत’ म्हणायचं कारण तिथे भिंतीवर घड्याळ नव्हतं आणि उजेडाचा अंदाज घ्यायला खिडकीही नव्हती. रात्री बाराला होता तोच झगमगाट, तोच आवाज. मशीनच्या रांगाच्या रांगा एकदम किणकिणत होत्या. ही दोन पावलं पुढे गेली आणि थबकली. आयुष्यभर पेटी घेऊन गाणं शिकवलेली बाई, कुठेही गेली तरी तिचे कान आधी पट्टी शोधतात. म्हणाली, “अहो, ही सगळी पांढरी एकला लावलीयत.”

ती बरोबर होती. स्लॉट मशीनचे आवाज बांधणारी मंडळी बहुतेक सूर सी मेजरमध्ये बसवतात. म्हणजे आपल्या पेटीवरची पांढरी एक आणि तिचे सगळे शुद्ध सूर. कारण व्यवहाराचं आहे. एका छताखाली एवढी मशीन आपापल्या पट्टीत वाजू लागली, तर माणूस पाच मिनिटांत डोकं धरून बाहेर पळेल. षड्ज एक ठेवला की कोणाचं कोणाशी भांडण होत नाही आणि त्या गलक्याला एक बुळबुळीत गोडवा येतो. आपल्या हिशेबाने हा बिलावल थाट. थाट म्हणजे राग नव्हे हे कबूल, पण बिलावल राग सकाळचा आणि इथे त्याचे सूर चोवीस तास चालू, याची गंमत वाटली.

हॉटेल अटलांटिक सिटीतलं हार्ड रॉक. जावयाने हौसेने शनिवार-रविवारचं बुकिंग करून दिलेलं. न्यू जर्सीने १९७६ साली सार्वमत घेऊन या गावाला जुगाराची मुभा दिली, १९७८ मध्ये पहिला कॅसिनो उघडला. आम्ही उतरलो त्या इमारतीत १९९० पासून ‘ट्रम्प ताज महाल’ होता. रंगीबेरंगी घुमट, दाराशी दगडी हत्ती. त्या काळी मुलांकडे अमेरिकेला जाऊन आलेल्या किती आई-बाबांच्या अल्बममध्ये त्या हत्तींपुढचा फोटो असेल! तो ताज २०१६ मध्ये बंद पडला, घुमट उतरवले गेले आणि २०१८ च्या उन्हाळ्यात तिथे गिटारी आल्या.

गिटारींची कुळकथा मात्र छान आहे. लंडनमधल्या मूळ हार्ड रॉक कॅफेत एरिक क्लॅप्टन नेहमी जेवायला यायचा. आपली ठरलेली जागा राखीव असावी म्हणून १९७९ मध्ये त्याने तिथे आपली गिटार टांगायला दिली. ते कळल्यावर ‘द हू’च्या पीट टाउनशेंडने आपलीही गिटार पाठवली, सोबत चिठ्ठी: माझीही त्याच्याइतकीच चांगली आहे. दोन कलावंतांच्या या खोडसाळपणातून भिंतीवर वाद्यं टांगायची प्रथा पडली आणि पुढे जगभरच्या त्यांच्या कॅफेंच्या भिंती भरल्या. आज हार्ड रॉक कंपनीची मालकी फ्लोरिडातल्या सेमिनोल या मूलनिवासी जमातीकडे आहे.

भिंतीवर ब्रीदवाक्य असतं, सर्वांवर प्रेम करा, सर्वांची सेवा करा. ते आलंय आपल्या पुट्टपर्तीहून. कॅफेच्या दोन संस्थापकांपैकी आयझॅक टिग्रेट सत्यसाईबाबांचे भक्त. धंद्यातला आपला वाटा विकल्यावर त्यांनी तिथल्या इस्पितळाला मोठी देणगी दिली. ते धंद्यातून बाहेर पडले, वाक्य राहिलं. आणि सेवा होतेही इथे. खेळत असाल तोवर पेय फुकट, बसल्या जागी आणून देतात. उठलात की नाही.

काचेमागच्या त्या गिटारींपुढे आम्ही बराच वेळ उभे होतो. त्यांच्या मागेपुढे मशीन वाजताहेत आणि ज्यांनी खरं वाजायचं त्या गप्प. हिला ते फार लागलं. मला जास्त कुतूहल वाजणाऱ्यांचं होतं, म्हणून एका आजीबाईंच्या मागे जरा रेंगाळलो. गळ्यातल्या कुरळ्या दोरीला लावलेलं त्यांचं कार्ड मशीनमध्ये खोचलेलं, जणू सलाइन चढवलंय. त्यांनी पंचाहत्तर सेंट लावले. चक्रं फिरली, वीस सेंट परत आले. म्हणजे पंचावन्न गेले. पण मशीनने विजयाची तान घेतली, दिवे नाचवले आणि आजी हसल्या. शेवटी त्यांनी उरलेले पैसे काढायचं बटण दाबलं, तेव्हा नाण्यांचा खळखळाट ऐकू आला. नाणं एकही पडलं नाही. एक कागदी चिठ्ठी बाहेर आली. खळखळाट ध्वनिमुद्रित.

त्याहून चलाख प्रकार हुकण्याचा. एक सात आला, दुसरा आला, तिसऱ्या चक्राला सूर चढत जातो, लांबतो, आपण श्वास धरतो आणि सात एका घराने निसटतो. गंमत अशी की निकाल बटण दाबताक्षणीच लागलेला असतो. पुढचं फिरणं आणि चढता सूर ही केवळ सजावट. मैफलीतही आपण असेच श्वास धरून बसतो. तिहाई सुरू झाली की कान समेची वाट पाहू लागतो, गवई तिला जरा झुलवतो आणि मग सम येते, सगळ्यांची मान एकदम हलते. आपल्यातली तीच वाट पाहण्याची ओढ या मशीनवाल्यांनी नेमकी हेरली आणि सम तेवढी काढून घेतली.

शोध तसा जुनाच. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या अक्षसूक्तातला जुगारी हेच सांगतो. आता जायचं नाही असं तो मनाशी ठरवतो, पण पटावर फासे पडल्याचा आवाज आला की त्याचे पाय तिकडे वळतात. त्यालाही आधी ओढलं ते आवाजाने. गोव्यात मांडवीतल्या तरंगत्या कॅसिनोंत जाऊन आलेले आमचे मित्र किती हरले ते सांगत नाहीत, पण वातावरणाचं वर्णन तासभर करतात.

आदल्या रात्री त्याच हॉटेलच्या सभागृहात एका जुन्या बँडची गाणी वाजवणाऱ्या मंडळींचा कार्यक्रम होता. आम्हाला त्यातलं फारसं कळलं नाही. पण शेवटी लोकांनी आग्रह केला, त्यांनी आणखी एक गाणं म्हटलं, वाकून नमस्कार केला आणि दिवे लागले. आपल्याकडे भैरवी झाली की कोणी फर्माईश करत नाही, तसंच. बाहेर पडण्याची वाट पुन्हा मशीनमधूनच होती. तिथे भैरवी म्हणणारं कोणी नाही.

फिरून आलो. आमचा सूर्य समुद्रात बुडतो, इथला समुद्रातून वर येतो. एवढ्यासाठी तरी अटलांटिकच्या काठची ती लाकडी वाट पहाटे चालावी. खोलीत चहा करत होतो, तर शेजारून गिटार ऐकू आली. हार्ड रॉकच्या बऱ्याच हॉटेलांत पाहुण्याने मागितली तर वाजवायला खरी गिटार देतात. एखादं लहान पोर असावं. तीन कॉर्ड, तिसऱ्याला बोट घसरायचं, पुन्हा पहिल्यापासून. हीसुद्धा हुकण्याचीच मालिका. पण मशीनला मागच्या खेळाची आठवण नसते, तिथे शंभरदा हुकलं तरी माणूस सात आकड्याच्या तसूभरही जवळ गेलेला नसतो. या पोराचं बोट दर फेरीला थोडं जवळ पडत होतं. हिने चहाचा कप तसाच धरून कान लावला होता. “अंगठा मोकळा सोड रे,” ती भिंतीला मराठीत सांगत होती. इतक्यात पलीकडून मोठ्या माणसाचा आवाज आला, बॅगा ओढल्याचा आवाज आला आणि गिटार थांबली.

“अकराला खोली सोडायचीय त्यांनाही,” मी म्हणालो.

“दहा मिनिटं दिली असती तर आलं असतं त्याला,” ही म्हणाली, आणि जावयाला फोन लावून विचारलं, तुमच्या एडिसनमध्ये गिटार केवढ्याला मिळते.