कंबरदुखीचे टक्के

अपंगत्व मोजण्यासाठी केंद्र सरकारने जानेवारी 2018 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत कण्याच्या दुखण्यासाठी एक छोटा तक्ता होता (या सूचना 2024 मध्ये बदलल्या). माणूस दुखते म्हणतो, पण स्नायू आखडलेले नाहीत आणि तपासणीत दोष दिसत नाही, तर 0 टक्के. दुखणे, ताठरपणा आणि एक्स-रेत किरकोळ बदल, तर 20. बदल मध्यम असले तर 25. मान, पाठ किंवा कंबर यांपैकी एकाच भागात तीव्र बदल असले तर 30, आणि सगळा कणाच तसा असेल तर 40. इकडे 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचे बहुतेक लाभ 40 टक्क्यांपासून सुरू होतात, संजय गांधी निराधार योजनेचा उंबरठाही तोच. म्हणजे या तक्त्याच्या हिशेबाने नुसत्या कंबरेच्या दुखण्यापायी कोणी या लाभांना पात्र ठरूच शकत नव्हते.

सरकार हात आखडता घेते, अशी माझी तक्रार नाही. ज्याची त्याची कंबर दुखते, आणि सगळ्यांना दाखला दिला तर दाखल्याला अर्थ उरणार नाही. माझी हरकत अशा मोजपट्टीला आहे. ती हाडाचे चित्र पाहते, माणसाचा दिवस पाहत नाही.

तो दिवस कसा असतो ते जांब्यात पाहा. पुणे जिल्ह्यातले हे गाव मुळशी तालुक्याच्या पूर्वेच्या टोकाला, पुनावळे-मारुंजीच्या शेजारी आहे. एका बाजूला हिंजवडीचे आयटी पार्क, दुसरीकडे कासारसाईचा साखर कारखाना. या पट्ट्यात आज सत्तरीत असलेल्या बायकांचे कित्येक पावसाळे भाताच्या खाचरात गेले. घोटाभर चिखलात कमरेतून वाकायचे, रोपाच्या जुड्या सोडवत लावणी करत मागे सरकायचे, आणि बांधावर पोचल्यावर कमरेवर हात ठेवून एकदा सरळ व्हायचे. उसण भरली तर पायाळू माणसाचा पाय लावून घ्यायचा. त्याने बरे वाटले म्हणणारी माणसे खोटे बोलत नव्हती. साधी उसण बहुतेक वेळा आपोआपच ओसरते, श्रेय मात्र पायाळूला मिळते. पुढे खाचरांवर इमारती उभ्या राहू लागल्या. शेत गेले, पण वाकणे गेले नाही. केरसुणी बुटकीच राहिली, विळी जमिनीवर, संडास उकिडवे बसण्याचा. आता यांतलीच एखादी बाई मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला गेली, तिथे ओटा उंच, नळ हाताशी, कमोड बसता-उठता येईल असा, की कंबर तीच राहून अपंगत्व निम्मे होते. एक्स-रेत काडीचाही फरक नसतो.

सीटी स्कॅन किंवा एमआरआय या बाबतीत किती भाबडे साक्षीदार आहेत, हे 2015 च्या एका मोठ्या आढाव्याने दाखवले. ज्यांना काहीही दुखत नव्हते अशा लोकांच्या तपासण्या त्यात एकत्र पाहिल्या होत्या. मणक्यांमधल्या चकत्यांची झीज विशीतल्या 37 टक्के लोकांत होती आणि ऐंशीतल्या 96 टक्के लोकांत. म्हणजे ठणठणीत आजोबांचा रिपोर्टही ‘बदल’ दाखवतो. तो हातात पडला की घरचे म्हणतात, आता मणक्यात गॅप आहे, जपून. त्या जपण्यातून माणूस खाटेला लागतो. खाटेवर स्नायू वाळतात, मग खरेच उठवत नाही.

याची दुसरी बाजू तितकीच गंभीर आहे. म्हातारपणी अचानक कंबर धरली, ताप आहे, वजन उतरते आहे, पायातली शक्ती गेली, लघवीवरचा ताबा सुटला, तर तपासणी तातडीने हवी. हाडे ठिसूळ झालेल्या बाईचा मणका नुसती बादली उचलतानाही दबतो. क्षयरोग मणक्यातही होतो. अशा वेळी ‘वय झालं’ म्हणून गप्प बसवणे हा अपराध आहे. गंमत अशी की चित्र जिथे हवे तिथे आपण वय सांगतो, आणि नको तिथे चित्र काढतो.

वेगळ्या मोजपट्टीसाठी पुणे जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही. 1996 साली डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूने इंदापूर तालुक्यातल्या भिगवणमध्ये सांध्यांच्या आणि हाडा-स्नायूंच्या दुखण्यांची घरोघर पाहणी केली. चार हजारांहून अधिक प्रौढांपैकी शंभरात अठरा जणांना असे काही दुखणे होते, आणि गुडघा व कंबर त्यात पुढे होती. पुढे शिरूरच्या वढू परिसरात पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने पन्नाशी ओलांडलेल्यांची पाहणी केली. त्यात जागतिक आरोग्य संघटनेची प्रश्नावली वापरली होती: गेल्या महिन्याभरात अर्धा तास उभे राहणे किती जड गेले? किलोमीटरभर चालणे? अंघोळ? कपडे घालणे? घरातली कामे? बायकांनी आपली तब्येत पुरुषांहून वाईट सांगितली. हे प्रश्न आशाताई ओसरीवर बसून विचारू शकते, त्याला एमआरआय लागत नाही. जांब्यात मी त्यात आणखी एक घालीन: कीर्तनाला शेवटपर्यंत बसवते का?

अशा प्रश्नांची उत्तरे हाती नसली की मदत कशी चुकते, ते 2024 च्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत दिसते. पासष्टीपुढच्या गरजूंना साधने घेण्यासाठी एकदा 3000 रुपये मिळतात, आणि साधनांच्या यादीत कमरेचा पट्टा आहे. आदल्याच वर्षी, डिसेंबर 2023 मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीवर जी मार्गदर्शिका काढली, तिने नेहमीच्या उपचारात पट्टे वापरू नयेत असे म्हटले आणि व्यायाम, समजावणे, मालिशसारखे उपचार पुढे केले. त्याच सरकारी यादीतली कमोड खुर्ची मात्र नेमकी कामाची आहे, कारण ती कंबरेला हात न लावता घर बदलते. पण दुकानात पट्टा झटकन खपतो, आणि बांधला की काहीतरी केल्यासारखे वाटते.

राहिला व्यायाम, त्यातला सगळ्यात साधा म्हणजे चालणे. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात, कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्यांपैकी काहींना हळूहळू वाढवत चालायला शिकवले. त्यांचे दुखणे उलटायला साधारण 208 दिवस लागले, न शिकवलेल्यांचे 112 दिवसांत उलटले. महागडा उपचार नाही, औषध नाही. पण जांब्याच्या म्हातारीने चालायचे कुठे? बांधकामाच्या डंपर-मिक्सरच्या रस्त्याला कडेला पाऊलवाट उरत नाही. हिंजवडी, माण, मारुंजी, नेरे, गहुंजे, सांगवडे आणि जांबे ही सात गावे पिंपरी-चिंचवड महापालिकेत घ्यायची, हा प्रस्ताव वर्षानुवर्षे भिजत पडला. तोवर ग्रामपंचायत म्हणते रस्ता पीएमआरडीएचा (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा), आणि पदपथ कोणाच्याच अंदाजपत्रकात नाही. कंबरदुखीवरचा सगळ्यात स्वस्त उपचार इथे सरकारी टेबलांवर अडला आहे, आणि त्यासाठी कोणत्याही डॉक्टरची सही लागत नाही.