चेहऱ्यापासून तिसऱ्यापर्यंत

फ्रेंच तत्त्वज्ञ एमान्युएल लेव्हिनास वाचू लागणारा माणूस बहुधा शब्दांपाशीच अडतो. साकल्य, अनंत, चेहरा, ओलीस, तिसरा. एकेक शब्द ओळखीचा असतो, पण त्याच्या वाक्यात आला की अर्थ निसटतो. कोश उघडून ही अडचण सुटत नाही, कारण हे शब्द एका बैठकीत ठरलेले नाहीत. माणूस माणसाला बांधील का असतो, हा एकच प्रश्न लेव्हिनासने अनेक दशके विचारला. आधीचा शब्द जिथे अपुरा पडला तिथे त्याला पुढचा शोधावा लागला. त्याच क्रमाने वाचले तर त्याची भाषा उलगडत जाते आणि भिवंडीजवळच्या अंजूरसारख्या गावातल्या जगण्यालाही भिडते.

लेव्हिनासचा जन्म 1906 सालचा, लिथुआनियातील कौनास शहरातल्या ज्यू कुटुंबातला. 1923 मध्ये तो शिक्षणासाठी फ्रान्समधील स्ट्रासबर्गला आला. 1928-29 मध्ये जर्मनीत फ्रायबुर्गला त्याने हुसर्ल आणि हायडेगर या तत्त्वज्ञांची व्याख्याने ऐकली. ‘असणे म्हणजे काय’ हा हायडेगरचा प्रश्न त्याला भारून टाकणारा वाटला होता. तोच हायडेगर 1933 मध्ये नाझी पक्षात गेला. 1940 मध्ये लेव्हिनास फ्रेंच सैनिक म्हणून जर्मनांच्या हाती सापडला. युद्धकैदी असल्यामुळे तो वाचला. लिथुआनियातले त्याचे वडील आणि भाऊ मारले गेले.

बराचसा कैदेत लिहिलेला त्याचा ग्रंथ 1947 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातला पहिला अवघड शब्द म्हणजे नुसते ‘आहे’. कोणी नाही, काही घडत नाही, तरी असणे संपत नाही. झोप न येणाऱ्या रात्री अंधार अंगावर येतो तसा हा अनुभव. अशा असण्यातून माणूस एकट्याच्या बळावर सुटू शकत नाही. त्याच्या एकटेपणाला खरी फट पडते ती दुसऱ्या माणसामुळे. ‘दुसरा’ हा शब्द असा आला.

1961 च्या ‘साकल्य आणि अनंत’ या ग्रंथाची सुरुवात युद्धाच्या विचाराने होते. युद्धात माणसाला स्वतःचा अर्थ उरत नाही. तो एका मोठ्या हिशेबातला घटक होतो. या सर्वग्रासी हिशेबाचे नाव साकल्य. अंजूरकरांना युद्ध परके नाही. पोर्तुगीजांच्या ताब्यातली साष्टी सोडवावी म्हणून इथले गंगाजी नाईक पेशव्यांकडे गेले. 1737 मध्ये मोहीम सुरू झाली आणि मे 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली. हा पराक्रम आपण अभिमानाने सांगतो. पण सांगताना किल्ले, तोफा आणि तारखा पुढे येतात. तटाखाली पडलेल्या प्रत्येकाची ओळख त्यात मावत नाही. हिशेबात न मावणारे हे जे काही माणसात असते, त्याला लेव्हिनास अनंत म्हणतो. विचारात न मावणाऱ्याचा विचार, ही कल्पना त्याने तत्त्वज्ञ देकार्तकडून घेतली आणि देवाऐवजी समोरच्या माणसाकडे वळवली.

चेहरा हा शब्दही इथेच उमगतो. नाक, डोळे, वर्ण, जात, भाषा यांवरून आपण माणूस ओळखतो तेव्हा आपण त्याची नोंद घेत असतो. या नोंदींच्या पलीकडून ‘मला मारू नकोस, एकटे टाकू नकोस’ असे जे आपल्याला बजावले जाते, तो लेव्हिनासच्या अर्थाने चेहरा.

1964 मध्ये तत्त्वज्ञ देरिदाने त्याच्यासमोर एक पेच ठेवला. ज्या तत्त्वज्ञानाच्या बाहेर पडायचे, त्याचीच भाषा वापरून बाहेर कसे पडणार? 1974 च्या दुसऱ्या मोठ्या ग्रंथात भाषा अधिक कठीण होते, तिच्यामागे हा पेचही आहे. तिथे तो ‘सांगणे’ आणि ‘सांगितलेले’ वेगळे करतो. सांगितलेले लिहून ठेवता येते. सांगणे म्हणजे बोलताना दुसऱ्यापुढे स्वतःला उघडे करणे. जबाबदारी आपण निवडत नाही, निवड करण्याआधीच ती आपल्यावर आलेली असते, हे सांगायला तो ‘ओलीस’ असा टोकाचा शब्द वापरतो. नाझींनी मारलेल्यांना अर्पण केलेल्या ग्रंथात याहून सौम्य शब्द त्याला पुरेसा वाटला नसावा.

पण जगात मी आणि समोरचा असे दोघेच नसतात. तिसराही असतो, आणि तोही कोणाचा तरी दुसरा असतो. मग कोणाचे आधी, कोणाला किती, असे प्रश्न उभे राहतात. तुलना, न्याय, कायदा आणि संस्था यांची गरज इथून सुरू होते. माझ्या मते त्याच्या शब्दावलीतला सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत निकडीचा शब्द ‘तिसरा’ हाच आहे.

अंजूर, माणकोली, दापोडे या पट्ट्यात आज गोदामांच्या रांगा आहेत. कंटेनरमधून माल उतरवणारा हमाल तिथे किती नग उचलले यावरून मोजला जातो. त्याच्या चेहऱ्याने एखाद्या मालकाचे मन द्रवले तर त्याला दया मिळेल, शेजारच्या गोदामातल्या हमालाला तीही मिळणार नाही. त्या तिसऱ्यासाठी कायदा लागतो. महाराष्ट्राने 1969 मध्ये माथाडी कायदा केला. मालक आणि कामगार दोघांचीही नोंदणी, मंडळामार्फत मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, उपदान अशी व्यवस्था त्यातून उभी राहिली. कोणाच्या दयेवर अवलंबून न राहता माणसाला हक्काने मिळावे, ही तिसऱ्याची मागणी त्यात मान्य झाली आहे. मात्र कायद्याच्या नोंदवहीतही माणूस पुन्हा एक क्रमांक होऊ शकतो. म्हणून संस्थेला चेहऱ्याची आठवण सतत द्यावी लागते.

ज्यांना लेव्हिनास वाचायचा आहे त्यांनी 1974 च्या ग्रंथापासून सुरुवात करू नये. 1982 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, फिलिप नेमोशी झालेल्या संवादांच्या छोट्या पुस्तकापासून करावी, कारण त्यात तो स्वतःच आपल्या शब्दांचा प्रवास क्रमाने सांगतो. आणि वाचताना चेहऱ्यापाशी थांबू नये. तिथे थांबलेले वाचन दयेपाशी संपते. न्यायापर्यंत जायचे तर तिसऱ्यापर्यंत वाचले पाहिजे.